ए.एन.एम. तर झालात, आता पुढे?

(औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे नुकत्याच कामाला लागलेल्या नर्स मुलींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगून टाकते, मी नर्स नाही. एम.एस.डब्ल्यू. करून सल्ला केंद्रात बसणारी बाई आहे. मला इंजेक्शन देता येत नाही आणि रक्त पाहिलं की अजूनही पोटात ढवळतं. तरी मला इथे बोलायला उभं केलंय, कारण गेल्या काही वर्षांत केंद्रावर येणाऱ्यांमध्ये तुमच्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. नाइट संपवून तशाच येतात, केसांतल्या पिनाही न काढता. कुणाचा पगार थकलेला, कुणाच्या घरी लग्नाची घाई, कुणाला घरमालक खोली सोडायला सांगतोय, कारण रात्री अकराला मुलगी येते कुठून? हे सगळं बोलून झालं की उठताना, चप्पल पायात सरकवताना एक प्रश्न येतो : ‘ताई, मी जी.एन.एम. करू का?’

हा प्रश्न नेहमी उठता उठताच का येतो? मारहाण झाली, पगार बुडवला, तर तक्रार करायचा आपल्याला हक्क आहे, असं आता मुलींना वाटू लागलंय. पुढे शिकावंसं वाटणं हा मात्र त्यांना अजून स्वतःचा लाड वाटतो. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

आधी हे पाहू की तुम्ही शिकलात काय आणि कशासाठी. याच औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद आहे. आरोग्य सेविकांची भरती निघते ती तिथून. तुमचा अभ्यासक्रम मुळात त्या जागेसाठी बेतलेला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की गावपातळीवर एकेका आजाराला वेगळा कर्मचारी नको, बहुउद्देशीय कर्मचारी हवेत. तेव्हापासून ए.एन.एम. ही उपकेंद्राची बाई झाली. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, तांबी बसवणं, घरभेटी. तुमची दोन वर्षांची पुस्तकं उघडून पाहा : सामाजिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र, आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन. बाळंतिणीला जास्त रक्त जाऊ नये म्हणून द्यायची औषधं, झटके येणाऱ्या गरोदर बाईला पुढे धाडण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, हे सरकारने ए.एन.एम.च्या हाती विश्वासाने दिलेलं आहे. गावात डॉक्टर पोचण्याआधी पोचते ती ही बाई.

आता प्रत्यक्षात तुम्ही कुठे आहात? इथे हात वर करायला सांगितलं तर उपकेंद्रावर किती जणी निघतील? सरकारी जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात जागा निघाल्या, पण कंत्राटी. नेमणूक दर वर्षी नव्याने. कायम करा, म्हणून याच कर्मचाऱ्यांना २०२३ मध्ये संप करावा लागला. मग उरतो खाजगी दवाखाना. औरंगपुऱ्यातून समर्थनगरकडे चालत जा, पाट्या वाचत जा. त्या पाट्यांमागे रात्री जागी असते ती बहुतेक वेळा एक ए.एन.एम. मुलगी आणि एक मावशी. सिस्टर म्हणून हाक मारताना कुणी विचारत नाही तुझं शिक्षण काय. व्हेंटिलेटरचा पेशंट सांभाळताना विचारत नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं करताना विचारत नाही. विचारतात ते फक्त एक तारखेला.

एका मुलीची हकीकत सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव, गाव, दवाखाना काही सांगणार नाही.

ती एका लहान दवाखान्यात रात्रपाळीला होती. सिझेरियन झालेली एक बाई. रात्री दोनच्या सुमारास तिने पॅड बदललं, तासाभरात ते पुन्हा भिजलेलं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट लागायला हवं ते मऊ लागलं. तिने चोळायला घेतलं, मावशीला पाय वर धरायला सांगितलं, डॉक्टरांना फोन केला. फोनवर उत्तर मिळालं, ‘सलाईन वाढव, सकाळी बघू.’ तिने पुन्हा फोन केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा ऐकावं लागलं, ‘तू ए.एन.एम. आहेस, मला शिकवू नकोस.’ डॉक्टर आले चार वाजता. बाईला मोठ्या दवाखान्यात हलवलं, रक्त चढवलं, बाई वाचली. गोष्ट इथे संपली असती तर मी सांगितलीच नसती.

सकाळी या मुलीला केबिनमध्ये बोलावलं. केस पेपरवर तिने फोनच्या तिन्ही वेळा लिहिल्या होत्या. ते पान पुन्हा लिहून दे, पहिला फोन साडेतीनला केला असं लिही, असं सांगण्यात आलं. ती नाही म्हणाली. मी तिला पुढे विचारलं, एवढा धीर कुठून आला? म्हणाली, ‘ताई, धीर कसला, मी साडेतीन लिहिलं असतं तर दीड तास मी झोपले होते असा अर्थ झाला असता.’ साधा हिशोब. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको, असं तिला सांगितलं. पगार अडकला. तिची मूळ सर्टिफिकेटं, बारावीची गुणपत्रिका आणि नोंदणीचा कागद दवाखान्याच्या कपाटात होते. ‘रुजू होताना सगळ्यांचेच घेतात.’

आम्ही पाच जणी गेलो, पत्र घेऊन. आवाज चढवला नाही. पत्राची पोच मागितली, कागदांची यादी दिली आणि बाकावर बसून राहिलो. पेशंटचे नातेवाईक येता-जाता पाहत होते. चौथ्या फेरीला कागद मिळाले. पगाराचे पैसे आजपर्यंत पूर्ण मिळालेले नाहीत.

ही मुलगी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन केंद्रात बसली होती आणि तेव्हा तिनेही तेच विचारलं, ‘जी.एन.एम. करू का? म्हणजे कुणी असं बोलणार नाही.’

मला तिला खोटं सांगायचं नव्हतं. त्या रात्री तिच्याकडे ज्ञान कमी नव्हतं. गर्भाशय मऊ लागलं हे तिला कळलं ते तिच्या ए.एन.एम.च्या शिक्षणामुळेच. कमी होतं ते तिच्या शब्दाला वजन. जी.एन.एम. झाल्यावर फोनवरचा माणूस चांगलं बोलेलच याची हमी कुणी देऊ नये. जी.एन.एम., बी.एस्सी. झालेल्या सिस्टरही अपमान गिळतात, हे तुम्ही पाहता. म्हणून, मी कमी आहे, अर्धवट आहे, या भावनेतून कुणी पुढे शिकायला जाऊ नका. जायचं असेल तर दोन कारणांनी जा. एक म्हणजे, वॉर्डात जे काम आज तुमच्याकडून करून घेतात त्यातलं बरंचसं तुम्हाला शिकवलेलंच नाही. हृदयरोग, शस्त्रक्रियेनंतरची काळजी, अतिदक्षता हा सारा भाग जी.एन.एम.च्या अभ्यासात येतो. शिकवलेलं नसताना करायचं आणि चुकलं तर अंगावर घ्यायचं, हा पेशंटवरही अन्याय आणि तुमच्यावरही. दुसरं म्हणजे, घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका व्हायचं तर जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. लागते. त्या कागदाचा खरा उपयोग हा, की तो हातात असला की नको ती जागा सोडून जाता येतं.

आता वाट कशी आहे ते सांगते. जी.एन.एम. तीन वर्षांचं. ए.एन.एम.ची दोन वर्षं त्यात धरली जात नाहीत, पहिल्या वर्षापासून बसावं लागतं, आणि पूर्ण वेळ. मला विचाराल तर या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच. शिडी आहे म्हणतात, पण पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये पायरीच नाही. दोन वर्षं शिकून, चार वर्षं बाळंतपणं करून आलेली बाई आणि कालची बारावी झालेली मुलगी एकाच बाकावर. त्यातल्या त्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची : परिषदेच्या नियमात जी.एन.एम.ला पस्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे, ती नोंदणीकृत ए.एन.एम.ला लागू नाही. ‘आता माझं वय गेलं’ म्हणणाऱ्या जाऊबाईंना हे घरी जाऊन सांगा. बी.एस्सी. नर्सिंगला थेट जायचं तर बारावी विज्ञान लागते. जी.एन.एम. झाल्यावर मात्र दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. ज्या सरकारी सेवेत आहेत त्यांना आरोग्य सहायिका होण्याची वाट आहे, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची. पण तिला सेवेची वर्षं लागतात आणि जागा निघाव्या लागतात.

आणि पाट्यांना भुलू नका. ‘सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती बसस्टँडपासून लागलेल्या असतात. रुग्णसेवेचे छोटे कोर्स असतात, त्या कामालाही मान आहे, पण त्याने तुमची नर्स म्हणून पुढची नोंदणी होत नाही. फी भरण्याआधी एकच विचारा : या कोर्सनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी होईल का? उत्तर लेखी मागा. आपल्या राज्यात १९६६ चा नर्सेस कायदा आहे, नोंदणी त्याखाली होते. तसंच, फी सवलत आणि शिष्यवृत्ती साधारणपणे सरकारी प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली तरच मिळते, संस्थेच्या कोट्यातून नाही. हे समजतं तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे भरून झालेले असतात, बहुतेक वेळा आईचं काहीतरी मोडून.

खर्च फक्त फीचा नाही. तीन वर्षं पगार बंद. घरी पाठवत होतात ते बंद. भावाच्या शिक्षणाला कर्ज काढणारं घर मुलीला विचारतं, ‘शिकलीस ना दोन वर्षं, आणखी किती?’ आणि मध्ये लग्न. स्थळं येतात तेव्हा ‘नर्स चालेल, पण नाइट नको’ अशी अट येते. पगार हवा, पाळी नको. अंजन घालायचं तर कुणाच्या डोळ्यांत?

इथे थोडं मागे जाते. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथून विधवा, टाकलेल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, जातीबाहेरच्याचं मलमूत्र काढायचं, म्हणून केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. त्या काळी हे काम स्वीकारार्ह करायला ‘सेवा’ हा शब्द ढालीसारखा उपयोगी पडला. आज तीच ढाल आपल्यावर उलटली आहे. पगार मागितला की सेवाभाव आठवून देतात. मे २०२० मध्ये रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली; साथ ओसरली तशा कंत्राटी नेमणुकाही संपल्या. आणि सुईणपण तर आपल्या गावात शतकानुशतकं खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या बायकांवर लादलं होतं, धान्याच्या मोबदल्यात. आज ए.एन.एम.च्या वर्गात बसलेल्या मुलींची आडनावं वाचा, तो इतिहास कुठे गेला ते कळेल.

पगाराचं सांगते. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ ला निकाल दिला, त्यातून केंद्राने समिती नेमली. समितीने म्हटलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांहून कमी देऊ नये. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. अंमल राज्यांवर सोडला, त्यामुळे हा आकडा अजून कागदावर आहे. पण मागणी करताना आकडा माहीत असावा. तुमच्यातल्या किती जणींना त्याच्या निम्मेही मिळतात, ते तुम्हीच सांगाल. छळाची तक्रार असेल तर : दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दवाखान्यात अंतर्गत समिती नसते, पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथे तक्रार देता येते. अरुणा शानबाग १९७३ मध्ये ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेली होती. ती तुमच्याच वयाची होती.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. अजून ठरलेलं नाही. तिचे वडील म्हणतात एक वर्ष थांब. तिच्या खोलीतल्या दोघी म्हणाल्या, आम्ही खोलीभाडं तिच्या वाट्याचं भरू, ती शिकून आली की आमच्यातली एक जाईल. हे मला फार मोलाचं वाटलं, मी एम.एस.डब्ल्यू.ला बचत गटावर निबंध लिहिला होता, त्यात हे नव्हतं. पण दहा-बारा हजारांतून भाडं भरणाऱ्या मुलींनी एकमेकींना शिकवायचं आणि राज्याने बघत बसायचं, हे मी कौतुक करून सोडून देणार नाही. ए.एन.एम.च्या दोन वर्षांची जी.एन.एम.मध्ये सूट मिळावी, नोकरी करणाऱ्यांना पगारी शिक्षण रजा मिळावी, हे निवेदन आपण तयार केलं आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. नियम नव्याने लिहिण्याची हीच वेळ आहे, आणि लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ए.एन.एम.ची बाजू पोचायला हवी.

येत्या रविवारी अकरा वाजता केंद्रात या. येताना मूळ कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते आणा, झेरॉक्स काढून खऱ्या प्रती करून ठेवू. ज्यांचे दवाखान्यात अडकले आहेत त्यांनी फक्त रुजू झाल्याची तारीख लिहून आणा. आणि फोनवर मिळालेली प्रत्येक ऑर्डर वेळेसकट केस पेपरवर लिहा, सकाळी त्याखाली सही घ्या. याला परवानगी लागत नाही.

आता मी बसते. ज्यांची दोनची ड्यूटी आहे त्यांनी आधी बोला.