देहातले घड्याळ



मी 'झोप' या विषयावर बोलणार हे कळताच आमच्या घरी हशा पिकला. कारण उशिरा उठणाऱ्यांवर तोंडसुख घेण्यात माझी हयात गेली! तेव्हा आज बोलायचे ते माझ्याच चुकीबद्दल.

माझी सून परिचारिका आहे. महिन्यातून एक आठवडा तिला रात्रपाळी असते. सकाळी नऊला ती घरी येई, आणि मी म्हणे, "आलीसच आहेस तर चार पोळ्या लाट, मग पड." ती पडली की कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, दाराची घंटा आणि माझ्या हाका चालूच. दिवसाढवळ्या झोपणे म्हणजे आळस, ही माझी समजूत. गेल्या वर्षी असेच एकदा तिने दूध तापत ठेवले आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दूध उतू जाऊन शेगडी विझली. मी भाजी घेऊन येते तो घरभर गॅसचा वास! शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, तिला हलवून उठवले. निभावले, पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत कापत होते.

पुढे आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच देहाचे मुख्य घड्याळ. ते उजेडावाचूनही चालते. 1729 साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड काळोखात ठेवले, तरी त्याची पाने आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. पेशींतल्या या घड्याळाची रचना उलगडल्याबद्दल 2017 मध्ये तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही फळांवरच्या चिलटांच्या अभ्यासातून! माणसाचे घड्याळ मात्र रोज किंचित मागे पडते. सकाळचा उजेड त्याचे काटे जुळवतो. रात्रभर जागून उन्हातून घरी येणारीला तोच उजेड 'दिवस उगवला' म्हणून सांगतो. मग तिला गाढ झोप लागावी कशी?

आता तिच्या खोलीला जाड काळा पडदा आहे. ती बसने येते, तेव्हा वाटेत काळा चष्मा लावते. घंटा बंद, मिक्सर चारनंतर. पोळ्या मी करते. चिरंजीवही शिकले आहेत, नकाशे निघतात ते सोडून द्या.

आपणा बाकीच्यांसाठी एवढेच, की ठरल्या वेळी झोप येईलच असे नाही, पण ठरल्या वेळी उठणे आपल्या हाती असते. मी रविवारीसुद्धा साडेपाचला उठते आणि उजाडले की अर्धा तास गच्चीवर फिरते. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणली. चहातले निम्मे कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असते म्हणे, म्हणून चारनंतरचा चहा सोडला. त्याचा फार त्रास झाला, खोटे कशाला सांगू! पण रात्री पंख्याकडे बघत पडणे महिन्याभरात थांबले.

आज सूनबाई का आली नाही, असे दोघीतिघींनी विचारले. तिची रात्रपाळी चालू आहे; ती घरी झोपली आहे. निघताना दाराची घंटा बंद करून आले आहे.