दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी?
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणातील काही भाग)

आपल्या सोसायटीत सध्या दोन पक्ष आहेत, आणि मी कमिटीच्या निवडणुकीबद्दल बोलत नाहीये. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दोनदाच जेवा म्हणणारा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणारा. गंमत अशी की दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं सापडतात.

दीक्षितांची पद्धत मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांची. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच पोटभर जेवायचं आणि ५५ मिनिटांत ताटावरून उठायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा. यामागचं म्हणणं असं, की खाल्लं की इन्शुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असताना साठवलेली चरबी बाहेर निघत नाही.

ते खरंच आहे. पण माझ्या मते खरी बचत होते ती मधल्या खाण्यात. हिशेब करा. एका चहात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० कॅलरी. दिवसाला पाच चहा झाले की नुसत्या साखरेच्या २००. बिस्किटं, फरसाण, नातवाच्या ताटातला उरलेला घास (तो तर कुणी मोजतच नाही!) वेगळंच. दर दोन तासांचा नियमही नीट पाळला तर हेच साधतं, कारण प्रत्येक खाणं आधी ठरलेलं असतं. उपाशी राहून वडापाववर तुटून पडायची वेळ येत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. त्यात बरंचसं पाणी असतं. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोज ५०० कमी केल्या तरी आठवड्याला अर्धा किलोच. पुढे तो वेगही मंदावतो.

आता, मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी नीट ऐका. शेजारच्या काकांचं बघून उद्यापासून जेवण सोडलंत आणि गोळी तीच ठेवलीत, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हातापायांना कापरं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, वेळेवर लक्ष नाही दिलं तर बेशुद्धीसुद्धा. असं झालं तर पथ्य बाजूला ठेवायचं आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. डाएट सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस बदलून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनी यात पडूच नये.

बाहेर समोसे ठेवलेत, मला दिसतायत. आधी प्रश्न विचारा!