उंदरापासून रुग्णापर्यंत



"उंदरांतील कर्करोग बरा झाला" असे वृत्त घेऊन अनेक नातेवाईक माझ्याकडे येतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून हिशेबच मांडतो.

अमेरिकेतील बफेलो येथे डॉ. थॉमस डॉगर्टी यांनी उंदरांना पॉर्फिरिन वर्गातील औषध टोचून गाठींवर तांबडा प्रकाश सोडला. प्रकाशाने जागृत झालेल्या औषधामुळे गाठी नष्ट झाल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. शासकीय मान्यता मात्र प्रथम कॅनडात, १९९३ साली, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मिळाली. मध्ये अठरा वर्षे गेली. शिवाय हा प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो आणि रुग्णाला कित्येक आठवडे उन्हापासून जपावे लागते.

आशा अवश्य बाळगावी. परंतु तिच्या भरवशावर चालू उपचार थांबवू नयेत, ही नम्र विनंती.