सोलचा पोलीस, मुळशीचा राहुल्या आणि ‘पार्ट टू कधी?’

पौडमधून बोलतोय. मध्येच डंपरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, खिडकी रस्त्यालाच लागून आहे आणि डंपर काही आपलं रेकॉर्डिंग संपायची वाट बघत नाहीत.

आज दोन सिनेमे घेतोय. एक कोरियाचा, एक आपल्या तालुक्याचा. या दोघांना जोडणारा माणूस तुम्ही सगळे ओळखता. सलमान खान. हसू नका, खरंच सांगतोय. 2021 च्या मे महिन्यात त्याचा ‘राधे’ आला, तो 2017 च्या ‘द आउटलॉज’ या कोरियन सिनेमाचा रिमेक. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘अंतिम’ आला, तो आपल्या ‘मुळशी पॅटर्न’चा रिमेक. म्हणजे एका वर्षात एकाच हिरोने सोलच्या गल्लीतली गुंडगिरी पण उचलली आणि मुळशीची पण. मूळ सिनेमे दोन्ही चांगले. रिमेकबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही पाहिलेत.

आता पुढे काय झालं ते बघा. ‘द आउटलॉज’चे कोरियात चार भाग झाले. मा डोंग-सोक, ‘ट्रेन टू बुसान’मध्ये झोंबींना नुसत्या हाताने हाणणारा तो दांडगा गडी, यात मा सोक-दो नावाचा पोलीस आहे. पहिल्या भागाची 68 लाखांवर तिकिटं गेली. 2022 ला ‘द राउंडअप’, एक कोटी 26 लाख. 2023 ला ‘नो वे आउट’, एक कोटी सहा लाख. 2024 च्या एप्रिलात ‘पनिशमेंट’, साधारण एक कोटी 15 लाख. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे लहान-म्हातारे सगळे धरून दर चार-पाच माणसांतला एक जण तिकीट काढून गेला, तेही लागोपाठ तीन वर्षं.

हे आकडे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तिथे सरकारी फिल्म कौन्सिलचं एक नेटवर्क आहे. देशातल्या जवळजवळ प्रत्येक थिएटरचं प्रत्येक तिकीट त्यात नोंदवलं जातं आणि कुणीही वेबसाइटवर जाऊन बघू शकतो. आपल्याकडे अशी मोजणीच नाही. निर्माते पोस्टरवर कोटी छापतात, आपण मान डोलावतो. कोटी पण रुपयांचे, माणसांचे नाहीत. ‘मुळशी पॅटर्न’ थिएटरात किती माणसांनी पाहिला, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचं अधिकृत उत्तर कुठल्याही कपाटात नाही. ज्या धंद्याला आपलं गिऱ्हाईक किती हेच माहीत नाही, तो धंदा कुठे चुकतोय हे कसं कळणार?

असो. मग कोरियाचं सगळं मस्त चाललंय का? अजिबात नाही. 2019 मध्ये तिथे वर्षभरात 22 कोटी 60 लाखांच्या आसपास तिकिटं गेली होती. 2024 मध्ये, ‘राउंडअप’चा चौथा भाग धरूनसुद्धा, साधारण 12 कोटी 30 लाख. जवळजवळ अर्ध्यावर. कोविडनंतर तिकिटं महागली, लोकांना घरबसल्या ओटीटीची सवय लागली, निर्मात्यांचा पैसा सिरियलींकडे वळला. 2025 मध्ये एकही कोरियन सिनेमा एक कोटीच्या जवळपास फिरकला नाही. लोट्टे आणि मेगाबॉक्स या दोन मोठ्या थिएटर कंपन्यांनी एकत्र यायचं जाहीर केलं. धंदा जोरात असताना कुणी असं करत नाही.

आणि ‘पनिशमेंट’ आला तेव्हा काय झालं? पहिल्या दिवसांत देशातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त शोजमध्ये हा एकच सिनेमा. उरलेल्या वीस टक्क्यांत बाकी सगळं जग. तिथले छोटे निर्माते ओरडले. थिएटरवाले म्हणाले, अहो, लोकच त्याला येतायत, आम्ही रिकाम्या खुर्च्या झाडत बसू का?

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना?

जुलै 2025. ‘ये रे ये रे पैसा 3’ आणि ‘सैयारा’ एकाच शुक्रवारी लागले. ‘सैयारा’ चालला आणि मराठीचे शो उडाले. त्याआधी 2023 मध्ये भाऊराव कऱ्हाडेंचा ‘टीडीएम’. ‘ख्वाडा’ आणि ‘बबन’ करणारा दिग्दर्शक, आणि शो मिळेनात म्हणून लोकांसमोर रडला. सिनेमा काढून घेतला आणि नंतर पुन्हा लावला. फरक एवढाच, की कोरियात कोरियन सिनेमाच कोरियन सिनेमाला खातोय. आपल्याकडे खाणारा वेगळाच आहे.

नियम नाहीत असं नाही. आपल्या सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सला मराठीचा प्राइम टाइम शो बंधनकारक केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग गदारोळ झाला, मग प्राइम टाइमच ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केला. दुपारी साडेबाराचा शो प्राइम टाइम! कोरियात वर्षाला 146 दिवस देशी सिनेमा दाखवायची सक्ती होती. अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू झाली आणि 2006 मध्ये ती 73 दिवसांवर आणली. तेव्हा ‘ओल्डबॉय’चा हिरो चोई मिन-सिक रस्त्यावर उतरला आणि सरकारने दिलेलं पदक त्याने परत केलं.

आता पौडवरून हिशोब मांडा. आम्हाला सिनेमा बघायचा तर पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक, मग कोथरूड. पिरंगुटला ट्रॅफिक लागलं तर पाऊण तासाचा दीड तास. साडेबाराच्या शोला कोण जाणार? कंपनीत फर्स्ट शिफ्ट असलेला जाणार नाही, दुकान असलेला जाणार नाही, कॉलेजवाला लेक्चर बुडवून जाईल पण त्याच्याकडे पैसे नाहीत. आणि रात्री पावणेदहाचा शो सुटून घरी पोहोचेपर्यंत एक वाजतो. मग सोमवारी थिएटरवाला सांगतो, मराठीला प्रेक्षक नाही. प्रेक्षक होता की, भूगावच्या सिग्नलला अडकला होता.

‘मुळशी पॅटर्न’ 23 नोव्हेंबर 2018 ला लागला. तो महिना आठवून बघा. 8 तारखेला ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’, समोर ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’. 16 ला ‘नाळ’. 23 ला आपला. 7 डिसेंबरला ‘मुंबई-पुणे-मुंबई 3’. महिन्याभरात चार मराठी सिनेमे, चारही वेगळ्या जातीचे. तेव्हा कुणी ठरवलं असतं की चालणाऱ्या एकाच सिनेमाला ऐंशी टक्के शो द्यायचे, तर प्रवीण तरडेंच्या या सिनेमाला जागा मिळाली असती का? मला नाही वाटत. ओम भूतकर तेव्हा पोस्टरवर गर्दी खेचणारं नाव नव्हतं. विषय काय, तर बाप जमीन विकतो आणि पुढे दुसऱ्याच्या गेटवर वॉचमन होतो. मोहन जोशींचा तो सखा पाटील. ‘अरारारा खतरनाक’ नंतर लग्नाच्या वरातीत वाजलं, पण सिनेमा उभा होता त्या बापाच्या उतरलेल्या तोंडावर.

म्हणून कट्ट्यावर कुणी ‘पार्ट टू कधी?’ विचारलं की मी गप्प बसतो. कोरियन मालिका चार भाग चालली, कारण तिच्या मध्यभागी पोलीस आहे. व्हिलन बदलायचा, गाव बदलायचं, दुसऱ्या भागात तर थेट व्हिएतनाम, आणि मा सोक-दो पुन्हा बुक्के मारायला हजर. शिवाय पहिला भाग फक्त प्रौढांसाठी होता, पुढचे पंधरा वर्षांवरच्यांना खुले केले. रक्त कमी, विनोद जास्त, घरचे सगळे आले. धंदा म्हणून एकदम हुशार काम. पण पहिल्या भागात सोलच्या गरिबोंग-दोंगमधली स्थलांतरितांची वस्ती होती, खंडणी देणारे दुकानदार होते, तो चटका पुढे पुढे कमी होत गेला असं माझं मत.

आपला राहुल्या तर मेला. त्याला उठवता येत नाही. पोलीस विठ्ठल कडूला घेऊन मालिका काढता येईल, उपेंद्र लिमयेंना बघायला मी पहिल्या दिवशी जाईन. पण मग तो मुळशीचा सिनेमा राहणार नाही, कुठल्याही शहरात घडेल.

मुळशीत न संपलेली गोष्ट जमिनीची आहे. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. धरण झालंच. गावं पाण्यात गेली, वीज मुंबईला गेली. मग हिंजवडीत आयटी पार्क, ती पण आपल्याच तालुक्यात. मग लवासा. आता रिंग रोड. दर वेळी थोड्या वर्षांसाठी पैसा येतो, गाड्या येतात, फ्लेक्स लागतात. आणि 2024 च्या जानेवारीत कोथरूडमध्ये भरदुपारी एका गुंडाला त्याच्याच सोबतच्या पोरांनी गोळ्या घातल्या, तेव्हा कितीतरी जणांनी स्टेटसला ‘मुळशी पॅटर्न’ टाकलं. सिनेमात हे नको म्हणून दाखवलं होतं. पोरांनी त्यातली फक्त रील कापून घेतली, सखा पाटील कुणी कापून घेतला नाही.

दुसरा भाग निघालाच, तर त्यात मला एक पोरगा बघायचाय, ज्याच्या बापाने रिंग रोडचे पैसे घेतले आणि बँकेत ठेवले. स्कॉर्पिओ घेतली नाही. चुलते हसतात, मित्र फुकट्या म्हणतात, एजंट रोज संध्याकाळी दारात. त्या घरात काय काय होतं ते दोन तास दाखवा. गोळी एकही नको. असा सिनेमा कोण काढेल आणि कुठला शो मिळेल, साडेबाराचा की पावणेदहाचा, ते तुम्हीच कमेंटमध्ये सांगा. साडेबाराचा म्हणणारे जास्त निघाले तर आपण पौडमधून एक टेम्पो ठरवू.

पुढच्या भागात ‘ख्वाडा’. भेटू.