टाकणखाराचा निवेदक
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रोनाल्ड रेगन यांचे नाव निघाले की आपल्या बैठकांतून अजूनही हशा पिकतो. पडद्यावरचा घोडेस्वार अमेरिकेचा अध्यक्ष झाला! मला हा हशा धोक्याचा वाटतो. १९६६ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राऊन असेच हसले होते. लिंकनवर गोळी झाडणारा नटच होता, असे त्यांनी आपल्या प्रचारपटात शाळकरी मुलींना ऐकविले. मतदारांनी त्यांना सुमारे १० लाख मतांनी घरी बसविले.

वस्तुतः रेगन यांची खरी तालीम चित्रपटात झालीच नव्हती. १९५४ पासून १९६२ पर्यंत ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दूरदर्शन-मालिकेचे निवेदक होते. करारानुसार त्यांना कंपनीच्या कारखान्यांतून हिंडून कामगारांशी बोलावे लागे. याच कंपनीत कामगारविषयक धोरण आखणाऱ्या लेम्युएल बूलवेअर यांची रीत अशी होती, की मालकाने एकदाच प्रस्ताव मांडावा. कामगारांनी तो घ्यावा अथवा सोडावा. त्या वातावरणात रेगन आठ वर्षे वावरले. आपल्यापैकी किती जणांनी सलग आठ वर्षे कारखान्याच्या दारात काढली, हे मी विचारीत नाही.

पुढे १९६४-६५ मध्ये ते 'डेथ व्हॅली डेज' या मालिकेचे निवेदक झाले. पश्चिमेकडील वाळवंटातील धाडसी माणसांच्या या कथा. मालिकेचा खर्च करणारी कंपनी धुण्याचा टाकणखार विकणारी, आणि जाहिरातही रेगन स्वतःच करीत. काही भागांत त्यांनी भूमिका केल्या. परंतु महत्त्वाचे होते ते निवेदन. निवेदकाला कथेत मार खावा लागत नाही. तो बाजूला उभा राहून सांगतो, की हा देश कोणाच्याही मदतीवाचून एकेकट्या पुरुषांनी उभारला. आणि त्याच आवाजात टाकणखाराचा डबाही पुढे करतो. हा आवाज घराघरांत पोहोचत असतानाच, २७ ऑक्टोबर १९६४ रोजी, त्यांनी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी दूरदर्शनवर भाषण केले आणि त्यांचे राजकीय जीवन सुरू झाले.

आता त्या वाळवंटाची गोष्ट पाहा. १८८० नंतरच्या दशकात तेथील टाकणखार वेचला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. वीस-वीस जनावरांच्या गाड्यांनी तो १६५ मैलांवरील रेल्वेपर्यंत नेला जाई. १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. कंपनीच्या डब्यावर चित्र छापले गेले ते खेचरांचे.

मात्र या माणसाची आणखी एक बाजू आहे, आणि तिनेच मला अधिक अस्वस्थ केले. रेगन चित्रपट-नटांच्या संघटनेचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. १९६० साली त्यांनी संप चालविला, निवृत्तिवेतन व आरोग्यनिधी मिळविला. हे यश खरे होते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच ऑक्टोबर १९८० मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने त्यांना पाठिंबा दिला. जुनी यंत्रे व अपुरे मनुष्यबळ यांचा प्रश्न सोडविण्याचे आश्वासन त्यांनी पत्राने दिले होते. ३ ऑगस्ट १९८१ रोजी नियंत्रक वेतनवाढ व कमी तासांसाठी संपावर गेले. सरकारी सेवकांना संपाचा अधिकार कायद्याने नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. अध्यक्षांनी ४८ तासांची मुदत दिली आणि त्याच वेळी आपणही एका संघटनेचा पहिला संप चालविला होता, याची पत्रकारांना आठवण करून दिली. आवाज तोच, निवेदकाचा. ५ ऑगस्टला ११,३४५ नियंत्रकांना बडतर्फ करण्यात आले.

दोन वर्षांनी ॲरिझोनातील फेल्प्स डॉज कंपनीने तांब्याच्या खाणींतील संपकऱ्यांच्या जागी कायमचे नवे कामगार भरले. बडतर्फ नियंत्रकांवरील नेमणूकबंदी उठली ती १९९३ साली, क्लिंटन यांच्या कारकिर्दीत. तोवर त्यांच्यापैकी कित्येकांचे उमेदीचे वय निघून गेले होते.