अभिकल्पकाराची वाट : तांब्यापासून बारा शब्दांपर्यंत

(डिचोली येथे माध्यमिक शिक्षक, पंचायत सचिव आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझा व्यवसाय कोणता, असे कोणी विचारले की माझी आई आजही थोडी थांबते आणि मग ‘संगणकात आहे’ एवढेच सांगते. ते अर्धसत्य आहे. शासकीय परिभाषेत ज्याला अभिकल्प म्हणतात, त्याचे मी शिक्षण घेतले. आपण सोयीसाठी त्याला डिझाइन म्हणू. गेली काही वर्षे मी ब्लॉकचेन नावाच्या क्षेत्रात हे काम करीत आहे. येथे कसे यावे आणि मुळात यावे की नाही, असे अनेक विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर माझ्या अनुभवावरून द्यावे, अशी अध्यक्षांची सूचना आहे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्याच विचारातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात या दांपत्याने आपल्या घरातल्या साध्या तांब्याची मनापासून स्तुती केली आहे. त्यात पाणी किती मावावे, तो उचलणारा हात केवढा, कमरेवर वा डोक्यावर घेतला तर तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, मोडीत घातला तर किती मोल येईल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. तांब्या कोणा एका माणसाने घडवला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडवला. विद्यार्थिदशेत मी हा अहवाल वाचला, तेव्हा डिचोलीच्या कुंभारवाड्यात लहानपणी पाहिलेली मडकी मला प्रथमच नीट दिसली, असे म्हटले तरी चालेल.

शिक्षण संपल्यावर पहिली चार वर्षे मी स्वयंपाकघरातील वस्तूंचे काम केले. झाकणाची मूठ किती तापते, ओल्या हाताने ती सुटते का, हे तासन्‌तास तपासावे लागे. त्याच सुमारास ‘प्रॉडक्ट डिझायनर’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला. पूर्वी त्यातून खुर्ची किंवा कुकर करणारा माणूस समजत. आता मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे हे ठरवणाराही समजतात. २०१६ साली एप्रिलमध्ये यूपीआय आले आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या कामाला माणसांची गरज पडली आणि मीही मूठ सोडून बटणाकडे वळले. पगार अधिक होता, हेही प्रांजळपणे सांगते. ब्लॉकचेनमध्ये मी २०२० च्या अखेरीस आले.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी जितके बोलले जाते तितके समजावले जात नाही. जुन्या गावकारीत कुळकर्णी सभेसमोर नोंद लिहीत असे. नोंदीचे बळ तिच्या शाईत नसे. ती सर्वांसमोर झाली, यात असे. आता कल्पना करा, की त्या वहीची प्रत प्रत्येक गावकराच्या घरी आहे आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला आहे. हा ठसा गणिती असतो. मजकुरात एक काना जरी बदलला, तरी तो संपूर्ण बदलतो. मागचे एक पान कोणी खोडले, तर पुढच्या सर्व पानांचे ठसे चुकतात आणि इतरांच्या प्रतींशी त्याची प्रत जुळत नाही. पान म्हणजे ब्लॉक आणि ठशांनी जोडलेली पाने म्हणजे साखळी. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी लेखात बिटकॉइनची कल्पना मांडली गेली. ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. २०१५ साली इथेरियम सुरू झाले आणि नोंदीबरोबर कराराच्या अटीही साखळीवर लिहिता येऊ लागल्या.

या वहीत आपले नाव नसते. असतो तो बेचाळीस अक्षरांचा एक पत्ता आणि त्याची गुप्त किल्ली. किल्ली हरवल्यास उपयोगी पडावी म्हणून बारा किंवा चोवीस शब्द दिले जातात. ते शब्द ज्याच्याजवळ, पैसे त्याचे. येथे बँकेचा व्यवस्थापक नाही आणि अर्ज देण्यास खिडकीही नाही.

या बारा शब्दांचा पडदा तयार करण्याचे काम माझ्याकडे होते आणि तेथेच माझी चूक झाली. शब्द कागदावर लिहून घ्या, असे सांगणाऱ्या पडद्यापाशी येऊन अनेकजण पुढे जातच नसत, निघून जात. कंपनीला ते खुपत होते. मी त्या पडद्यावर ‘नंतर’ असे एक बटण ठेवले. दिसायला सुबक होते. लोक भराभर पुढे जाऊ लागले आणि माझे कौतुकही झाले.

काही महिन्यांनी तक्रारींच्या पेटीत सासष्टीकडच्या एका तारवट्याचे पत्र आले. बोटीवर मिळालेला पगार तो डॉलरच्या मोलाशी बांधलेल्या नाण्यांत ठेवीत होता. फोन समुद्रात पडला. शब्द त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याने ‘नंतर’ दाबले होते. नियमाप्रमाणे त्याला छापील उत्तर गेले. मला राहवले नाही, मी फोन केला. तो रागावला नाही. म्हणाला, ‘‘बाय, बँकेत गेलो तर निदान समोर माणूस असता. तुमच्याकडे कोण आसा?’’ त्याची चार महिन्यांची कमाई त्या वहीत आजही असेल. सर्व जगाला ती दिसते, त्याला मात्र हात लावता येत नाही.

मी ते बटण काढण्याचा आग्रह धरला. वाद झाला. शेवटी असे ठरले, की बारापैकी तीन शब्द विचारून ते बरोबर आल्याखेरीज पैसे स्वीकारण्याचा पत्ता दाखवायचाच नाही. तारवट्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. मूठ तापली तर हात भाजतो आणि बरा होतो. इथल्या चुकीला ‘बरे होणे’ नाही, हे मला ओतशाळेत किंवा सुतारशाळेत कोणी शिकवले नव्हते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हा मोठा विदेशी बाजार कोसळला आणि जगभर या क्षेत्रातील नोकऱ्या गेल्या. त्यांत माझीही गेली. ज्या पालकांना केवळ आकर्षक पगाराचे आकडे ठाऊक आहेत, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

मात्र नाण्यांचा बाजार आणि नोंदवहीचे तंत्र या दोन गोष्टी एक नव्हेत. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचे काम हाती घेतले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बंगळुरूला २०२० मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले आहे. मी आता दाखल्यांच्या पडताळणीचेच काम करते. त्यात दाखला साखळीवर ठेवीत नाहीत, त्याचा गणिती ठसा ठेवतात. समोर आलेल्या कागदाचा ठसा जुळला, तर मजकुरात फेरफार झालेला नाही हे कळते.

येथे पंचायत सचिव बसले आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. नोंद बदलली की नाही, एवढेच साखळी सांगते. नोंद मुळात खरी होती की नाही, हे ती सांगत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यात चुकीचे नाव चढले आणि तेच साखळीवर गेले, तर चूक पक्की होते. दुरुस्तीची नोंद पुढे जोडता येते, पण तिची वाट आधी आखून ठेवावी लागते. ती वाट कशी असावी, अर्जदाराला ती दिसावी कशी, हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही, अभिकल्पकाराचे आहे. आमच्या व्यवसायाला या क्षेत्रात खरी जागा आहे ती येथे.

विद्यार्थ्यांसाठी सांगायचे तर ‘ब्लॉकचेन डिझायनर’ अशी पदवी शोधीत बसू नका. आधी डिझाइन नीट शिका. मुंबईच्या आयआयटीतर्फे घेतली जाणारी यूसीड परीक्षा आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा या दोन मुख्य वाटा आहेत. बारावीला कला शाखा घेतलेल्यालाही या परीक्षांना बसता येते. चित्रकला उत्तम असलीच पाहिजे असे नाही. माणसाला काम करताना पाहण्याची चिकाटी मात्र हवी. साखळीचे तंत्र नोकरीत शिकता येते, मी तसेच शिकले.

शेवटी शिक्षकांकडे एक मागणे आहे. मघाशी सांगितलेले बारा शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडले जातात. इंग्रजी यादीत पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो. जपानी, कोरियन, फ्रेंच, इटालियन अशा याद्या आहेत. गंमत म्हणजे पोर्तुगीजही आहे. माझ्या आजोबांना ती यादी वाचता आली असती, माझ्या आईला येणार नाही. मराठी यादी नाही. ती करणे वाटते तितके सोपे नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही घेता येत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली की पैसे गेले. काही अक्षरे डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकात दोन तऱ्हांनी लिहिली जातात. जोडाक्षरे टाळावीत, तर शब्द अपुरे पडतात. मी सहाशे शब्दांपर्यंत आले आहे. ज्यांना या खटाटोपाची आवड असेल, त्यांनी सभेनंतर थांबावे. कागद मी बरोबर आणले आहेत.