माळ्यावरची पेटी



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

दिवाळीपूर्वी घर आवरताना माळ्यावरून सासऱ्यांची पेटी खाली काढली. ते माझ्या लग्नाआधीच गेले. तेव्हापासून तिला कोणाचा हात लागला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "दे भंगारात." पण म्हणताना तोंड फिरवले, म्हणून मी दिली नाही.

भात्याला उंदरांनी भोक पाडलेले, निम्म्या पट्ट्या मुक्या. गुलमंडीकडे एका कारागिराकडे नेली. पेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांनाच सूर म्हणतात. हवा लागली की त्या थरथरतात. कणभर धूळ अडकली तरी सूर मुका! त्यांनी एकेक सूर मऊ ब्रशने झाडला, भात्याला ठिगळ लावले.

ही पेटी मूळची परदेशची. पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मान मिळवून दिला. तरी मींड निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिला बाहेर काढले, ते थेट १९७१ पर्यंत. आमची तर पंचवीसच वर्षे माळ्यावर होती!

त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाता धरला आणि सा लावला. त्या गातात, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हते. आता रोज दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी अलंकार घोटतो.

काळी चार अजून अडकते. आजचे स्वागतगीत त्याच पेटीवर आहे, तेव्हा मध्येच चिकटली तर हसू नका.